बीज कोणाचे, घाम कोणाचा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या तोंडावर एक कुजबुज कानावर येते. संकरित धानाचे बियाणे म्हणे 'नपुंसक' असते आणि तो भात खाणारा माणूसही नपुंसक होतो! आपल्यातली शिकलेली पोरेही हे मान डोलावून ऐकतात. बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी तरी ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये. ही अफवा साफ खोटी आहे. पण एवढे सांगून विषय संपत नाही. या नपुंसकत्वाच्या गोष्टीत आपल्या पोटाचा एक खरा प्रश्न आहे आणि अफवेच्या धुरळ्यात नेमका तोच दिसेनासा होतो.

धानाच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फूल उमलते न उमलते तोच त्याचे पराग त्याच्यावरच पडतात. म्हणून दोन वाणांचा संकर करायचा तर एका वाणाच्या फुलातले सहाही पुंकेसर आधीच काढून टाकावे लागतात. शंभर फुलांचे हे काम चिमट्याने होईल. एकरभर धानाचे कोण करणार? तेव्हा ज्याचे पराग जन्मतःच निकामी आहेत असे झाड हवे. चीनच्या हुनान प्रांतात कृषी शाळेत शिकवणारे युआन लाँगपिंग १९६४ पासून असे झाड शोधत होते. १९७० साली हैनान बेटावर त्यांचे सहकारी ली बिहू यांना ते रानटी धानात सापडले. पुढे ते युआन यांनी कुलुपात ठेवले नाही, प्रांतोप्रांतीच्या संशोधकांना वाटले. १९७३ पर्यंत पद्धत बसली आणि १९७६ पासून चीनमध्ये संकरित धान मोठ्या प्रमाणावर लागले.

त्या झाडात दोष नेमका कुठे होता? पेशीच्या केंद्रकात नव्हे. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे मायटोकाँड्रिया असतात, त्यांच्यातल्या एका जनुकात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ साली ते जनुक दाखवून दिले. त्याला 'डब्ल्यूए३५२' असे नाव आहे. त्यापासून बनणारे प्रथिन परागकोषाच्या आतल्या, परागांना पोसणाऱ्या थराला अकाली मारते. पराग उपाशी मरतात. मादी भाग मात्र ठणठणीत राहतो. माणसाच्या शरीराशी याचा काडीचाही संबंध नाही.

आणि हे मायटोकाँड्रिया येतात फक्त आईकडून! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला शेत आणि पुरुषाला बीज म्हटले आहे आणि दोहोंत बीज श्रेष्ठ ठरवले आहे. धानाचे झाड उलटी साक्ष देते. धानावरून माणसांचे कायदे काढू नयेत, हे मलाही कळते. पण ज्यांनी शेताच्या उपमेवर स्त्रीची गुलामी उभी केली, त्यांना शेतातलेच उत्तर द्यायला काय हरकत आहे?

आता मुद्द्याकडे येऊ. या पद्धतीत तीन वाण लागतात. 'ए' म्हणजे नर-वंध्य माता. 'बी' म्हणजे तिचाच जुळा भाऊ म्हणा. केंद्रक तेच, पण मायटोकाँड्रिया निरोगी, म्हणून पराग चांगले. 'ए'वर 'बी'चे पराग पडले की पुन्हा 'ए'च जन्मते. तिचा वंश असा राखतात. तिसरा 'आर', म्हणजे प्रजननशक्ती परत देणारा बाप. त्याच्या केंद्रकात 'आरएफ३' आणि 'आरएफ४' अशी जनुके असतात. ती आईकडून आलेल्या दोषाला आवर घालतात. 'ए' आणि 'आर' यांच्या संकरातून जे बियाणे मिळते, ते पिशवीत भरून कृषी केंद्रात येते. त्याचे पीक जोमदार येते, लोंब्या भरतात, चांगल्या सरळ वाणापेक्षा उतारा १५ ते २० टक्के जास्त मिळू शकतो. यात फसवणूक नाही.

मग पुढच्या वर्षी शेतकरी त्यातलेच दाणे राखून पेरतो आणि तिथे गणित फिसकटते. बापाची जनुके पुढच्या पिढीत विभागली जातात. कुठले झाड उंच, कुठले ठेंगणे, कुठले लवकर पिकणारे, कुठले उशिरा. आईचा दोष मात्र प्रत्येक झाडात कायम असतो. ज्या झाडाच्या वाट्याला बापाचे तारणारे जनुक आले नाही, त्याच्या लोंब्या पोचट. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क दिला आहे. कागदावर तो हक्क शाबूत आहे, पण संकरित धानापुढे त्याचा उपयोग शून्य. इथे पेटंटची गरजच नाही. कुलूप बियाण्याच्या आतच बसवलेले आहे. किल्ली 'ए', 'बी' आणि 'आर' ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे.

यावर कोणी म्हणेल, मग आपले सरळ वाणच बरे. दादाजी खोब्रागडे आठवा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचा हा दलित शेतकरी. तुटपुंजी जमीन, शाळा जेमतेम. १९८३ साली 'पटेल ३'च्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या आणि वर्षानुवर्षे जोपासून 'एचएमटी' हे वाण दिले. सरळ वाण, म्हणून ते हातोहात पसरले. एका कृषी विद्यापीठाने आपल्याकडून बियाणे नेऊन स्वतःच्या नावाने वाण काढले आणि श्रेय दिले नाही, अशी दादाजींची तक्रार होती. २००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते सन्मान झाला, पण ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले ते गरिबीतच. म्हणजे उघडे बियाणे असले तर त्याचे श्रेय पळवले जाते आणि कुलपातले असले तर किल्ली आपल्या हाती लागत नाही. दोन्हीकडे राबणारा तोच!

बीजोत्पादनाच्या शेतात हे डोळ्यांनी दिसते. 'ए'ची लोंबी पानाच्या आवरणात अर्धवट अडकते. ती बाहेर यावी म्हणून जिबरेलिक आम्ल फवारतात. फुले उमलली की सकाळी दोघी-दोघी दोर ताणून 'आर'च्या ओळींवरून ओढत जातात, म्हणजे पराग उडून 'ए'वर पडतात. दिवसातून तीन-चार वेळा, चिखलात. ही मजुरी कोणाच्या आयाबहिणी करतात, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने संकरित धानाचा कार्यक्रम १९८९ मध्ये जनतेच्या पैशातून सुरू केला. १९९४ मध्ये पहिले वाण आले. महाराष्ट्रात कर्जतच्या सरकारी केंद्राने १९९८ साली 'सह्याद्री' दिला. त्याची माता 'आयआर ५८०२५ ए' मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तयार झालेली, सार्वजनिक. तरीही आज देशात विकले जाणारे संकरित बियाणे बहुतांश खासगी कंपन्यांचे आहे. आपण मोर्चे जमिनीसाठी काढले, शिष्यवृत्तीसाठी काढले. बियाण्यासाठी कधी काढला?

मागणी अवघड नाही. सरकारी केंद्रांनी 'ए', 'बी' आणि 'आर' गावातल्या बीजोत्पादक गटांना द्यावेत आणि ते राखायचे शिक्षणही द्यावे. अडचण आहे ती विलगतेची. संकरित बीजोत्पादनाच्या शेताभोवती शंभर मीटर आणि 'ए' राखायच्या शेताभोवती दोनशे मीटर दुसरे धान फुलोऱ्यात चालत नाही. एकरवाल्याला हे एकट्याने जमणार नाही. चार बाजूंच्या बांधवाल्यांनी ऐकले तरच जमेल, आणि खेड्यात आपले कोण ऐकते हा अनुभव सर्वांना आहे. म्हणून गटाला सलग गावठाणाची किंवा सरकारी पडीक जमीन भाडेपट्ट्याने मिळावी, आणि सिंदेवाहीसारख्या धान संशोधन केंद्रावर पहिले प्रशिक्षण दोर ओढणाऱ्या बायांनाच मिळावे.