विकलेला किल्ला कोणाचा?

गेल्या माघात जत्रेच्या निमित्ताने आम्ही कुलदेवतेच्या दर्शनास गेलो होतो. कीर्तनास अवकाश होता. अग्रशाळेच्या सोप्यावर पाचसहा मुले एका संगणकाभोवती कोंडाळे करून बसली होती. पडद्यावर हिरव्या अंगाचे, सुळे बाहेर आलेले राक्षस झुंडीने एका किल्ल्यात घुसत होते आणि मुले त्यांच्या वाटेवर सापळे मांडीत होती. एका वयोवृद्ध महाजनांच्या नजरेस हा प्रकार पडला. रात्री बैठकीत त्यांनी ठराव मांडला की देवस्थानच्या आवारात असले राक्षसी खेळ बंद करावेत. 'वकीलबाब, मसुदा तुम्हीच करा,' असा आदेशही झाला. आम्ही तो मसुदा केला नाही. का केला नाही, याचा जबाब देणे आमचे कर्तव्य आहे. कारण आमच्या मते वडीलधाऱ्यांचा कोप रास्त असला, तरी तो चुकीच्या दारावर जाऊन थडकला आहे.

ज्या वस्तूचा निषेध करावयाचा, ती काय आहे हे आधी पाहिले पाहिजे. साक्ष नोंदविण्यापूर्वी निकाल देणे न्यायाच्या रीतीस धरून नाही. मुले खेळत होती त्या खेळाचे नाव 'ऑर्क्स मस्ट डाय!' असे आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या 'रोबॉट एंटरटेनमेंट' या संस्थेने तो 2011 साली काढला. या जातीच्या खेळांस 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. शत्रूने कोणत्या वाटेने यावयाचे हे ठरलेले असते. त्या वाटेवर बुरूज, सापळे, पहारेकरी बसवून त्यास रोखावयाचे असते. नेहमीच्या टॉवर डिफेन्समध्ये खेळणारा वरून पाहतो, पटावरच्या सोंगट्यांकडे पाहावे तसा. येथे मात्र तो स्वतः किल्ल्यात उभा असतो. एका हाताने सापळे मांडावयाचे आणि दुसऱ्या हाताने धनुष्य चालवावयाचे, असा हा दुहेरी उद्योग आहे.

कथा अशी की, एका तेजोमय द्वाराचे रक्षण करणारा वृद्ध गुरू पाय घसरून पडतो आणि मरतो; मागे राहिलेल्या, कोणाच्याही हिशेबी नसलेल्या शिष्यावर किल्ले राखण्याची जबाबदारी येते. जमिनीतून वर येणारे काटे, पाय जखडणारे डांबर, भिंतीतून सुटणारे बाण, शत्रूस उडवून देणारी फळी अशी साधने त्याच्या हाती असतात. प्रत्येक साधनास नाणी पडतात आणि शत्रू पाडल्यावर नाणी मिळतात. म्हणून पहिल्या लाटेत उधळपट्टी करणाऱ्याची तिसऱ्या लाटेत त्रेधा उडते. डांबर कोठे ओतावे म्हणजे काट्यांवर शत्रू अधिक काळ रेंगाळेल, अडसर कोठे घालावा म्हणजे त्याची वाट लांबेल, याचा विचार करावा लागतो. हे डोके बिघडविणारे काम आहे असे आम्हांस म्हणवत नाही. बुद्धिबळाचा नाद लागलेल्या आपल्या आजोबांचे जे कौतुक आपण सांगतो, त्याच्याशी याचे काही नाते आहे.

आता राक्षसांविषयी. राक्षस मारण्याच्या खेळाने मुले क्रूर होतात, असे ठरावाचे पहिले कलम होते. आमचा नम्र प्रश्न असा की, नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्याच्या गावोगाव जो नरकासुर जाळला जातो, तो कोण जाळतो? हीच मुले ना? महिनाभर आधीपासून कागद, गवत आणि बांबू गोळा करून त्याचे भयंकर तोंड कोण रंगविते? दशावतारात संकासुर रंगमंचावर आला की कडेवरची पोरे किंचाळतात आणि त्याचा वध झाला की टाळ्या पिटतात. त्यांच्यातून कोणी खुनी निपजल्याचे आमच्या वकिलीत तरी आढळले नाही. असुर दाराशी येणे आणि धाकट्याने दार राखणे ही कल्पना आपल्यास परकी नाही. वेळेच्या अपव्ययाचे दुसरे कलम मात्र आम्ही मान्य करतो. परंतु त्यास ठराव नको, घरचा धाक पुरे. ज्या बैठकीत तीन तास पत्त्यांवर गेले, तिने तो ठराव करावा हे शोभणारेही नाही.

मग या व्यवहारात दोष नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. तो राक्षसांत नाही, दुकानात आहे.

याच मालिकेचा इतिहास पाहावा. 2012 साली दुसरा खेळ आला. पुढे त्याच नावाचा 'अनचेन्ड' नावाचा खेळ काढण्यात आला आणि 2017 मध्ये तो पूर्ण रूपात बाजारात उतरला. तो फुकट खेळता येई. मात्र आतील वीर, सजावट आणि इतर वस्तू पैसे देऊन घेता येत. त्याचा सर्व कारभार संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या ताब्यातील दूरस्थ यंत्रांवर चाले. खेळ आर्थिकदृष्ट्या यशस्वी झाला नाही आणि 2019 च्या एप्रिलमध्ये ती यंत्रे बंद करण्यात आली. त्या दिवसापासून तो खेळ पृथ्वीतलावर कोणासही खेळता येईनासा झाला. ज्याने एक पैसा दिला नव्हता त्याचा किल्ला गेला आणि ज्याने पदरचे पैसे मोजले होते त्याचाही गेला. उलट 2011 सालचा जुना खेळ खेळणाऱ्याच्याच संगणकावर चालत असल्यामुळे आजही त्या अग्रशाळेत चालत होता. एकाच घरातील थोरला भाऊ जिवंत आणि धाकटा नाहीसा, अशी ही गत आहे.

एका संस्थेस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा आमचा हेतू नाही. तोट्यातील धंदा कोणी जन्मभर चालवावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. आमचा आक्षेप साऱ्या बाजाराच्या रीतीवर आहे. बडोद्यास असलेल्या आमच्या भाच्याने मुंजीत भिक्षावळीला पडलेल्या पैशांतून असाच एक खेळ घेतला होता. कोणाचा, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोन वर्षांनी एके सकाळी पडद्यावर चार ओळींची सूचना आली आणि खेळ संपला. त्याने आम्हांस पत्र लिहिले: 'मामा, तुम्ही वकील आहात. मी विकत घेतले होते, मग त्यांनी परत कसे नेले?' आम्ही पंचवीस पानांच्या अटी चाळल्या. एकोणिसाव्या पानावर उत्तर सापडले. त्याने काही विकत घेतलेच नव्हते. त्यास केवळ एक परवाना मिळाला होता, आणि तो कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता मागे घेण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला होता. दुकानाच्या बटणावर मात्र ठळक अक्षरांत 'खरेदी करा' असेच लिहिलेले होते.

वाचकहो, सारा वाद या दोन शब्दांचा आहे. खरेदी आणि परवाना. मालविक्रीच्या 1930 च्या कायद्याप्रमाणे विक्री म्हणजे किंमत घेऊन मालकी देणे. सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून आपण लाकडी बुद्धिबळाचा डाव घेतला, तर उद्या त्या चिताऱ्याने दुकान मोडले म्हणून आपल्या फडताळातील हत्ती-उंट नाहीसे होत नाहीत. परवाना निराळा. तो दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत उभे राहण्याची अनुज्ञा असते. परंतु परवान्यासही आपल्या कायद्याने मोकाट सोडलेले नाही. 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातील साठावे कलम असे आहे की, परवान्यावर विसंबून एखाद्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर देणाऱ्यास तो परवाना मागे घेता येत नाही. ते कलम जमिनीपुरते आहे, संगणकातील किल्ल्यास ते लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामागील न्यायबुद्धी जमिनीपुरती कशी असेल? दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून ज्याने पैसे आणि दिवस खर्चिले, त्यास एका रात्रीत बाहेर काढू नये, एवढेच तिचे सांगणे आहे.

अधिक गमतीची गोष्ट पुढेच आहे. संगणकाच्या आज्ञावली हा माल आहे की नाही, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे करांच्या निमित्ताने येऊन गेला आहे. 2004 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात न्यायालयाने ठरविले की तयार, बाजारात विकली जाणारी आज्ञावली हा विक्रीकराच्या दृष्टीने मालच आहे. पुढे 2021 साली इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या खटल्यात प्रश्न आला की, परदेशी कंपन्यांस अशा आज्ञावलींसाठी दिलेले पैसे स्वामित्वधन मानून त्यावर प्राप्तिकर लावावा काय. तेथे करदात्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की, कागदावर परवाना म्हटले असले तरी ही मालाची विक्री आहे. आणि न्यायालयाने तो मान्य केला. ते खटले खेळांचे नव्हते आणि दूरस्थ सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेचा प्रश्न त्यांत सुटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि या व्यापाराची वृत्ती त्यांतून उघड होते. कर घेणारा दाराशी आला की म्हणावयाचे, 'ही विक्री'; आणि ग्राहक दाराशी आला की म्हणावयाचे, 'छे, हा तर परवाना'. एकाच गाईस खरेदीखतात म्हैस आणि विक्रीखतात शेळी म्हणणाऱ्यास आमच्याकडे काय म्हणतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

'अटी मान्य करूनच मुलाने बटण दाबले, आता तक्रार कसली?' असे काही व्यवहारी गृहस्थ म्हणतील. त्यांस आम्ही 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाचे दुसरे कलम वाचावयास सांगू. वाजवी कारणाशिवाय एका पक्षास एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार देणारी अट, हे तेथे अनुचित कराराचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. कायद्यास ठाऊक आहे की पंचवीस पानांच्या अटी कोणी वाचीत नाही आणि वाचल्या तरी त्यांत एक अक्षर बदलण्याची सोय ग्राहकास नसते. मात्र याच कायद्याने अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे न सोपविता राज्य आयोगाकडे आणि त्यावरील आयोगाकडे सोपविली आहे. काणकोणच्या किंवा पेडण्याच्या पोराने पाचशे रुपयांच्या खेळासाठी पणजीस दाद मागावी, ही अपेक्षा म्हणजे औषध उंच फळीवर ठेवून रोग्यास उडी मारावयास सांगणे आहे. 2025 साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, तोही पैशाच्या पणाच्या खेळांवर रोख ठेवून. जुगार बंद झाला हे चांगलेच झाले. परंतु जो मुलगा जुगार न खेळता सचोटीने खेळ विकत घेतो, त्याचे काय?

दुसरा आक्षेप असा की, यंत्रे चालविण्यास खर्च येतो. येतो, खचित येतो. यंत्रे अखंड चालू ठेवा असे आम्ही म्हणतच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दुकान बंद करताना विकलेला माल फोडून जाऊ नये. शेवटच्या दिवशी खेळाची अशी आवृत्ती द्यावी की ती खेळणाऱ्याच्या संगणकावर चालेल. ते शक्य नसेल तर खेळणाऱ्यांनी स्वतःची यंत्रे उभारून तो चालविण्यास आडकाठी करू नये. आणि तेही नसेल तर अलीकडे घेतलेले पैसे परत करावेत. हे अशक्य आहे काय? याच मालिकेचा तिसरा खेळ 2020 साली प्रथम गूगलच्या 'स्टेडिया' या सेवेवर आला. ती सेवा 2023 च्या जानेवारीत बंद झाली, तेव्हा तिच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे पैसे गूगलने परत केले. ज्याची तिजोरी मोठी त्यास ते सोपे गेले, हे खरे; परंतु होऊ शकते, हे तर सिद्ध झाले.

परदेशात या प्रश्नास तोंड फुटले आहे. 2014 साली निघालेला 'द क्रू' हा मोटारींचा खेळ यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 2024 च्या मार्चअखेर बंद केला आणि विकत घेणाऱ्यांस तो एकट्यानेही खेळता येईना, तेव्हा लोक चिडले. युरोपात या रीतीविरुद्ध नागरिकांचा अर्ज निघाला आणि 2025 च्या जुलैपर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा 1 जानेवारी 2025 पासून अमलात आला. मालकी मिळणार नसून केवळ परवाना मिळणार असेल, तर तसे ग्राहकास स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे तो बजावतो. उपाय अपुरा आहे, कारण खरे बोलून लुटणे हेही लुटणेच. परंतु निदान शब्द तरी खरा झाला. आपल्या देशात तेवढेही झालेले नाही.

आपण देवस्थानाशी जोडलेली माणसे आहोत. कोणा पूर्वजाने नंदादीपासाठी रक्कम ठेवली असेल, तर तेल महागले म्हणून तो विझविण्याची मुभा महाजनांस नाही. घेतलेला पैसा ज्या हेतूने घेतला त्या हेतूस बांधलेला असतो, ही समज आपल्या रक्तात आहे. मग आपल्याच घरातील मुलाच्या भिक्षावळीच्या पैशाचा प्रश्न आला की 'खेळच तो, गेला तर गेला' असे आपण का म्हणावे? वस्तू खेळण्यातली असली तरी पैसा खेळण्यातला नव्हता. आणि आज जी रीत खेळात खपते, तीच उद्या पुस्तकात, संगीतात आणि घरातल्या यंत्रांत येईल. ज्या मुलास 'विकत घेतलेले आपले नसते' हे बाराव्या वर्षीच शिकविले गेले, तो पुढे कोणत्या विश्वासाने खरेदीखतावर सही करील?

म्हणून बैठकीस आम्ही दुसरा मसुदा दिला आहे. कीर्तन आणि आरती चालू असता सोप्यावर खेळ नको, हे त्याचे पहिले कलम. दुसरे असे की, ज्या खेळात 'खरेदी' म्हणून पैसे घेतले जातात, तो बंद झाल्यावर ग्राहकाचा हक्क कोणता, याविषयी कायदा व्हावा आणि अशा लहान तक्रारी जिल्ह्याच्या ठिकाणीच ऐकल्या जाव्यात, अशी विनंती देवस्थानच्या वतीने सरकारास करावी. पहिले कलम एकमताने मंजूर झाले. दुसरे पुढील बैठकीवर ढकलण्यात आले आहे. त्या बैठकीस आम्ही हजर राहू, आणि ज्या महाजनांच्या घरी बारा वर्षांचे मूल आहे, त्यांनी येण्यापूर्वी त्यास एकदा विचारून यावे, एवढीच आमची विनंती आहे.