बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

परवा आतेभावाचा फोन. "दादा, बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? स्वस्तात मस्त सांग."

त्याचं घाऊक किराण्याचं दुकान. गेल्या महिन्यात रॅन्समवेअरने कॉम्प्युटर लॉक केला आणि दोन वर्षांची उधारी आत अडकली. बॅकअप होता की! पण ती हार्डडिस्क चोवीस तास मशीनलाच लावलेली. तीही लॉक. किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवावी, तसला प्रकार.

मंडळी, माझं भांडण या "कुठलं घेऊ?"शीच आहे. औषधाच्या आधी आजार सांगतो ना आपण? मग आधी दोन प्रश्न. किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि धंदा किती वेळ बंद ठेवणं परवडेल? दिवसभराची बिलं पुन्हा टाकता येत असतील तर रोज रात्रीची कॉपी पुरे. पंधरा मिनिटांचंही जाऊन चालणार नसेल, तर व्यवहारांच्या नोंदी सतत दुसरीकडे जायला हव्यात आणि त्याचे पैसेही मोजायला हवेत.

आणि हो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे! एक डिस्क मेली तर ते वाचवतं. चुकून पुसलेलं मात्र दुसऱ्या डिस्कवरूनही इमानेइतबारे पुसतं.

मोठ्यांचंही तेच बरं का. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच उडवला. पाच उपाय होते, भरवशाचा एकही नाही. रोजचा डंप आवृत्तीच्या घोळामुळे बनतच नव्हता आणि ते कळवणाऱ्या मेल्स वाटेतच नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलं, हा मात्र मोठेपणा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुकानाबाहेर, मशीनपासून तोडलेली. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं परत आणून बघा. परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती श्रद्धा.

भाऊ म्हणाला, "एवढा वेळ कोणाला आहे रे?"

सध्या तो रोज दुकान बंद केल्यावर दोन तास गिऱ्हाइकांना फोन करतो. "तुमच्याकडे किती बाकी आहे हो?"

निम्मे म्हणतात, "आमचं तर कधीच चुकतं झालं."

असो.