तारीख, ठिकाण आणि पाखरू

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीभोवतीचे शिवार उसाचे. उत्तरेला इंगळी-रुईकडे पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा आणि मधल्या पट्ट्यात विहिरी, ओढे, पाणंदी, बांधावरच्या बाभळी. राधानगरीसारखे दाट जंगल इथे नाही, तरी पाखरांची वाण नाही. उसाच्या सरीतून भारद्वाज चालताना दिसतो, विजेच्या तारेवर वेडा राघू आणि कोतवाल, ओढ्याकाठी वंचक. रानात नांगर लागला की मागे गायबगळे हजर. पाणी उतरले की नदीच्या उथळ पात्रात चित्रबलाक आणि मुग्धबलाकही येतात. हे टिपायला महागडा कॅमेरा लागत नाही. कामावर जाण्याआधी तासभर शिवारात फिरणाऱ्याच्या खिशातला मोबाइलही पुष्कळदा पुरतो.

असा फोटो बहुतेक वेळा ग्रुपवर पडतो, चार शाबासक्या मिळतात आणि विषय तिथेच संपतो. हे नुकसान आहे. बाहेरचा अभ्यासक वर्षातून एखाद्या वेळी येतो. गावचा माणूस त्याच विहिरीवरून रोज जातो, आणि हे रोजचे पाहणे कोणत्याही संस्थेला विकत घेता येत नाही.

सुगरणीचेच पाहावे. उन्हाळ्यात नर आणि मादी दोघेही चिमणीसारखे मळकट. पावसाची चाहूल लागली की नराचे डोके आणि छाती पिवळीधमक होते. मग तो गवताच्या किंवा उसाच्या पात्याला कडेने चोचीची खाच पाडतो आणि टोक धरून उडतो, तसा लांब धागा फाटून निघतो. त्या धाग्यांनी विहिरीवर वाकलेल्या फांदीला आधी एक कडे, मग अर्धे घरटे. इथे काम थांबते. मादी येऊन पारख करते. तिच्या पसंतीस उतरले तरच नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो, नाहीतर ते अर्धवटच लोंबकळत राहते. त्याच झाडाचा त्याच जागेवरून, थोडे लांबूनच, दर आठवड्याला एक फोटो घेतला तर नर कधी पिवळा झाला, पहिले कडे कधी पडले, किती घरटी पुरी झाली, हे सगळे त्यात उतरते. पाचसहा वर्षांचे असे फोटो साठले की पावसाचे वेळापत्रक बदलल्याने विणीचा हंगाम सरकला का, हे तपासता येते.

देशपातळीवर हे घडलेही आहे. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा आढावा घेऊन त्यांतल्या १७८ जातींच्या संवर्धनाला अग्रक्रम हवा, असे त्यात ठरले. गावोगावी तारेवर दिसणारा नीलपंख घटतो आहे, हे अशाच नोंदींतून पुढे आले. सह्याद्रीतला दाखला वाघाचा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेला नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपमध्ये आला. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, म्हणून फोटो ताडून पाहता आले आणि दोन्ही जंगलांमधली वाघाची वाट अजून चालू असल्याचे कळले. त्या फोटोंना तारीख आणि ठिकाण नसते तर एवढे काहीच कळले नसते.

मात्र फोटोची हौस जनावराच्या जिवावरही उठते. ऊसतोडीत रानमांजर किंवा वाघाटीची पिल्ले सापडली की ती बिबट्याची समजून हातात घेऊन फोटो काढले जातात. अशा पिल्लांना आई बहुधा रात्री न्यायला येते. ती जागेवर राहू देणे, गर्दी हटवणे आणि वनविभागाला १९२६ क्रमांकावर कळवणे एवढेच करायचे असते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत शिरलेला गवा गर्दी, पळापळ आणि पकडण्याच्या धडपडीत मेला. मोबाइल उगारून मागे धावणारेही त्या गर्दीत होते. घरट्याजवळ जाऊन, मधली फांदी तोडून काढलेला फोटो तर कितीही देखणा असो, तो वाईटच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणे हेही येते.

हेच भान राखीव वनातही हवे. १९५८ पासून संरक्षित असलेले दाजीपूर-राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. तिथे प्रवेश परवानगीने. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने आठ संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली. त्यांतली विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही पाच कोल्हापूर जिल्ह्यातली. तिथे दिसलेल्या दुर्मीळ जिवाचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये. आयनॅचरलिस्ट आणि ई-बर्ड ही निसर्गनोंदींची संकेतस्थळे काही संकटग्रस्त जातींची जागा आपोआप झाकतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेली जागा झाकायला कोणी नसते.

गावाजवळच्या नोंदींना घर आहेच. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. एकदा लिहून कपाटात टाकायची ही वही नव्हे. दरवर्षी तिच्यात भर पडली पाहिजे. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली इथल्या ज्यांच्या मोबाइलमध्ये असे फोटो पडून आहेत, त्यांनी प्रत्येकाखाली तारीख आणि जागा लिहावी आणि ते आपल्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या समितीकडे द्यावेत. समितीनेही ते मागून घ्यावेत.