जुन्या गाडीचे वय कोणी मोजायचे?

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी पहाटे पावणेसहाला मी गाडी बाहेर काढतो. पत्नीचे डायलिसिस सातला सुरू होते. केंद्र आमच्या साताऱ्यातल्या घरापासून आठ किलोमीटरवर आहे आणि त्या वेळी रिक्षा मिळेलच याची खात्री नसते. गाडी २०१२ सालची. थंडीत एका किल्लीत सुरू होत नाही, दोनदा फिरवावी लागते. पण २०२३ मध्ये १ लाख ७५ हजार रुपयांना ती घेतल्यापासून आजवर एकदाही तिने आम्हाला वाटेत उतरवलेले नाही.

जुलै २०२५ मध्ये दिल्लीहून बातमी आली. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना १ जुलैपासून पंपावर इंधन मिळणार नाही, कॅमेरे नंबर वाचतील आणि गाडी जप्त होईल, असा तो हुकूम होता. लोकांचा संताप इतका झाला की काही दिवसांतच तो स्थगित करावा लागला. त्याच सुमारास पुण्याहून पुतण्या आला होता. अंगणातल्या गाडीकडे बघून तो म्हणाला, "काका, आपल्याकडेही हे येणारच. चार पैसे मिळताहेत तोवर काढून टाका ही."

मी त्या वेळी काही बोललो नाही. पण त्याच्या बोलण्यातला "चार पैसे" हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. सदतीस वर्षे मी बँकेत काढली, आणि त्यातली निम्मी कर्जविभागात. चार पैशांचा हिशेब मला चुकवता येत नाही.

तो हिशेब आधी मांडतो. ६ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ९,६५० रुपये पडतो. सात वर्षांत व्याजापोटी २ लाख १० हजारांहून अधिक जातात. म्हणजे माझी अख्खी गाडी आणि वर काही, एवढे नुसते व्याज. तिकडे विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षे होता होता नव्या गाडीची किंमत निम्मी धरली जाते. कर्ज मात्र तेव्हाही संपलेले नसते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, ज्याच्या घरी दर महिन्याला औषधपाण्याचा ठरलेला खर्च आहे अशा माणसाने हा हप्ता गळ्यात का बांधून घ्यावा? मी अधिकारी असताना माझ्यासमोर असा अर्ज आला असता, तर मी तो नामंजूर केला असता.

अर्थात स्वस्त गाडी स्वस्तात पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी चार टायर १४ हजार, क्लच प्लेटचे काम ७ हजार, सस्पेन्शन साडेसहा हजार, बॅटरी साडेचार हजार, बेल्ट, पाण्याचे पाइप, ऑइल वगैरे ६ हजार, असे एकूण ३८ हजार रुपये गेले. खरेदीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्तच. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगतो, खिशात दोन लाख असतील तर एक लाख साठ-पासष्टचीच गाडी बघा. उरलेले गाडी स्वतःच मागून घेते. आणि शक्यतो अशी गाडी घ्या, जिच्यासारख्या दहा गाड्या गावातल्या रस्त्यावर फिरताहेत. तिचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि मिस्त्रीला ती पाठ असते.

आमच्या मिस्त्रीने खरेदीच्या दिवशी जी परीक्षा घेतली, ती कर्जप्रकरणाच्या छाननीहून कमी नव्हती. गाडी थंड असतानाच बघायची, म्हणून विक्रेत्याला न सांगता तो अर्धा तास आधी गेला आणि बॉनेटला हात लावून आला. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याने चिखलाची रेघ शोधली. "साहेब, सांगली-कोल्हापूरला महापूर येऊन गेला की बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला येतात. सगळं धुतात, पट्टा मात्र कुणी शेवटपर्यंत ओढत नाही." दाराचे रबर सोलून त्याने आतला रंग पाहिला, काचांवरची सालं एकसारखी आहेत का ते पाहिले. मीटर ४८ हजार किलोमीटर सांगत होता. त्याने क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचे झिजून गुळगुळीत झालेले रबर दाखवले आणि म्हणाला, "हे पाय लाखभर तरी चाललेत." त्यावर किंमत पंचवीस हजारांनी उतरली. विक्रेता रागावला नाही. आपल्याला सगळे ठाऊक आहे आणि समोरच्याला काहीच ठाऊक नाही, या भरवशावर तो बसला होता. तो भरवसा मोडला, एवढेच.

या व्यवहाराचे शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच मांडून ठेवले आहे, आणि तेही जुन्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही, आणि बाजारात खराब गाड्यांची गर्दी वाढते. २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हा निबंध होता. आम्हा बँकवाल्यांना त्याचे मर्म वेगळे समजवावे लागत नाही. कर्जदाराची पत तपासायला आज एक क्रमांक आहे; त्याने कुठे हप्ता चुकवला ते मिनिटात दिसते. गाडीचे मालक किती झाले, तिच्यावर बोजा आहे का, विमा चालू आहे का, एवढे आता परिवहन खात्याच्या नोंदींवरून कळते. पण तिला अपघात किती झाले, विम्याचे दावे किती झाले, मीटर कोणत्या साली किती होता, हा तिचा इतिहास घेणाऱ्याला एका जागी मिळत नाही. तो पॅडलच्या रबरावरून वाचावा लागतो.

मी स्वतः मात्र आयुष्यात एकदा कागद न वाचता सही केली, आणि ती गाडीच्याच कागदावर. १९९६ मध्ये कर्मचारी-कर्जावर घेतलेली माझी मारुती ८०० मी २००९ मध्ये एका एजंटामार्फत विकली. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या दिल्या. "साहेब, नाव चढवायचं माझ्याकडे लागलं," असे तो म्हणाला आणि मी रोख मोजून घरी आलो. २०१३ मध्ये दारात हवालदार उभा राहिला. गाडी दोन-तीन हात बदलून गेली होती, नाव कुणीच चढवले नव्हते, विमा संपलेला होता आणि तिच्या धडकेत एका दुचाकीस्वाराचा पाय कायमचा अधू झाला होता. कागदोपत्री मालक मीच. तीन वर्षे तारखा झाल्या. शेवटी तडजोडीत माझ्या वाट्याची रक्कम मी भविष्यनिर्वाह निधीतून काढून भरली. त्या तरुणाकडे बघून ती जास्त वाटली नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असे स्पष्ट केले. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परवाना घेण्याचे आणि गाडी ताब्यात घेतल्याचे परिवहन कार्यालयाला कळवण्याचे बंधन आले. ती तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ज्याला गाडी विकायची आहे त्याने एवढे लक्षात ठेवावे, पैसे मिळाले म्हणजे व्यवहार संपला नाही. नाव बदलल्याचे डोळ्यांनी पाहावे, मगच पेढे वाटावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या गाड्या धूर ओकतात हे खोटे नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. त्याआधीच्या गाड्या, त्यातही जुनी डिझेलची वाहने, हवेत जास्त विष सोडतात. दिल्लीतल्या मुलांच्या फुप्फुसांची किंमत माझ्या सोयीहून मोठी आहे, हे मी मान्य करतो. प्रश्न एवढाच की गाडी खराब आहे हे ठरवायचे कशावरून? जन्मतारखेवरून की प्रकृतीवरून? महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर चालणारी, वेळेवर ऑइल बदललेली माझी गाडी आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावून पाच वर्षांत खिळखिळी झालेली टॅक्सी, यांत म्हातारी कोण?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्ली परिसरासाठी वयाची अट घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे फिरत फिरत गाडी वयाकडून धुराकडे आली. दिशा बरोबर आहे. देशाचे भंगारधोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, त्यातही खासगी गाडी तपासणीत नापास झाली तर भंगारात, असेच तत्त्व आहे.

पण तत्त्व कागदावर आणि वसुली खिशावर, असे चालले आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५ हजार झाले. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार केले. शुल्क वाढवणे सोपे असते. प्रामाणिक तपासणी कठीण. यंत्राची नळी धुराड्यात न घालताच पीयूसीचा कागद हातात पडल्याचा अनुभव मी घेतला आहे, आणि वाचकांपैकीही अनेकांनी घेतला असेल. नळी घातली तरी ती उभ्या गाडीचा धूर मोजते, घाट चढणाऱ्या गाडीचा नव्हे. ज्या देशात धुराचा दाखलाच विश्वासाचा नाही, तिथे अधिकाऱ्याला जन्मतारखेचा आधार घ्यावा लागतो. वयाची अट ही खरे तर तपासणीयंत्रणेच्या अपयशाची कबुली आहे.

इंधनाचेही तसेच. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आमच्या भागात उसाला त्याचा आधार आहे, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. माझा मेहुणा ऊसकरी आहे. पण माझ्या गाडीची रबरे आणि नळ्या त्या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, हे सरकारनेच सांगितले. जुन्या गाडीवाल्याने पंपावर कोणते पेट्रोल भरायचे, हे त्याला कुणी विचारले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. चांगले झाले, पण ज्याची पोच तिथवरही नाही, त्याच्यासाठी या सगळ्या चर्चेत जागा कुठे आहे?

माझे मागणे फार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी माणसाचा हात न लागता यंत्राने तपासणी होणारे केंद्र असावे. तिथे ब्रेक, धूर, चाके तपासावीत आणि मीटरचा आकडा दर वेळी नोंदवावा. ती नोंद आणि विम्याच्या दाव्यांची नोंद घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधी बघता यावी. नापास झालेली गाडी, मग ती सहा वर्षांची का असेना, रस्त्यावरून काढावी. पास झालेलीला तिच्या वयाबद्दल दंड लावू नये.

२०२७ मध्ये माझ्या गाडीची पंधरा वर्षे भरतील. त्या दिवशी मी तिला तपासणीला नेणार आहे, आणि ती नापास झाली तर भंगारात देणार आहे. पुतण्याला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आणि मग?"

मग दुसरी बघावी लागेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार तर येतच राहणार.