दॅटनंतरचा स्वल्पविराम

नागपूरहून अमरावती रोडने निघाले की शहर सुटता सुटता वाडी लागते. तिथल्या मराठी शाळांतल्या सातवी-आठवीच्या इंग्रजी वह्यांत एका जातीचे वाक्य हमखास भेटते : ‘माय फादर सेड दॅट, वी विल गो टू रामटेक.’ दॅटनंतरच्या स्वल्पविरामाला लाल गोल असतो आणि कधीकधी बाजूला ‘निष्काळजीपणा’ असा शेरा. पुढच्या निबंधात मूल तो स्वल्पविराम पुन्हा तिथेच ठेवते.

शेरा चुकीचा आहे. मूल निष्काळजी असते तर त्याने स्वल्पविराम दिलाच नसता. ते मराठीच्या पुस्तकात आणि घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात ‘वडील म्हणाले की, आपण रामटेकला जाऊ’ असेच वाचत आलेले असते. (काही संपादक हा स्वल्पविराम ‘की’च्या आधी ठेवतात आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात, तो कुठेतरी हवा, एवढ्यावर मात्र त्यांचे जमते.) मुलाने मराठीची शिस्त इमानाने इंग्रजीत नेली आणि इंग्रजीला ती नको होती, इतकेच झाले.

पोलंडमधल्या विद्यार्थ्याचेही याच जागी अडते, फक्त उलट बाजूने. पोलिश भाषेत आपल्या ‘की’चे काम करणारा शब्द आहे ‘झे’, आणि त्याच्या आधी स्वल्पविराम देणे हा तिथे मर्जीचा मामला नाही, नियम आहे. म्हणून पोलिश मूल ‘आय थिंक, दॅट’ असे लिहिते. मराठी मूल दॅटच्या नंतर थांबते, पोलिश मूल आधी थांबते, इंग्रज कुठेच थांबत नाही. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ या वाक्याचेही तसेच. मराठीत जो-तोच्या मध्ये स्वल्पविराम शोभतो, पोलिशमध्ये अशा उपवाक्याला दोन्हीकडून कुंपण लागते. मग मराठी मूल ‘द बॉय हू केम यस्टरडे, इज माय ब्रदर’ असे लिहिते, पोलिश मूल ‘बॉय’नंतरही एक स्वल्पविराम देते आणि दोघेही कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये भिंत घालतात. पोलिश आणि मराठी माणसांची गाठ याआधी कोल्हापूरजवळ पडलेली आहे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांतली अनेक कुटुंबे पुढे इंग्लंडला गेली. तिथल्या मास्तरांनी त्यांच्या वह्यांतही अशीच गोल वर्तुळे काढली असतील.

प्रश्न असा की या चुकांशी शाळेने किती कडक वागावे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तेव्हा ‘मुलाला उशिरा भाषा भेटली’ ही सबब आता उरलेली नाही. पण वाडीतल्या मुलाला इंग्रजी एकटी भेटत नाही. आयुध निर्माणीतल्या कामगारांची, ट्रान्सपोर्टच्या गोदामांवरल्या हमालांची आणि ड्रायव्हरांची, आसपासच्या खेड्यांतून आलेल्यांची मुले एका बाकावर बसतात. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. हिंदीच्या पुस्तकात वाक्य उभ्या दंडाने संपते, मराठीच्या पुस्तकात टिंबाने. इंग्रजीतही टिंबच, पण त्यानंतरचे अक्षर मोठे काढायचे. देवनागरीला मोठी-लहान लिपी ठाऊकच नाही. तीन तासांत तीन वेगळ्या तऱ्हांनी थांबणाऱ्या मुलाकडून चुका होणारच.

सौम्य वागावे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. विरामचिन्हे ही आपल्याकडे पाहुणी आहेत. वाडीवरून जाणारा हाच रस्ता पुढे अमरावती जिल्ह्यात जातो आणि त्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’ची ही भूमी. जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, मग स्वल्पविराम कुठला. मोडीचे दफ्तरही तसेच धावते. तरी वाचणारा अडत नव्हता, कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि वाक्य संपल्याची वर्दी तेच देते. ‘तू येतोस का’ हा प्रश्न आहे हे कळायला चिन्ह लागत नाही. इंग्रजी चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना जाते; त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ 1850 मध्ये निघाले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांचाच हा व्यवहार. त्यातही आपण चिन्हे घेतली आणि सवयी आपल्याच ठेवल्या. आपला स्वल्पविराम बहुतेकदा श्वासाच्या जागी पडतो. ‘पाऊस आला, आम्ही परतलो’ हे मराठीत देखणे वाक्य आहे. इंग्रजीत तसेच केले तर मास्तर दोन वाक्ये करा म्हणतात.

शिवाय इंग्रजीचे नियम तरी कुठे दगडावर कोरलेले आहेत? ‘युवर्स फेथफुली’मध्ये एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकणे ही भारतीय अर्जांतली जुनी खोड, तिच्यावर हसणारे पुष्कळ. अठराव्या शतकातले शिकलेसवरलेले इंग्रज तसेच लिहीत. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी आहे, जी आज आठवीतल्या मुलाचा अर्धा गुण खाईल. आणि वाडीच्या रोजच्या व्यवहाराकडे बघा. मालाच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, नगांची संख्या, वजन, कुठून कुठे आणि ‘गुड्स रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन’ एवढे इंग्रजी असते. माल स्वल्पविरामाशिवाय रायपूरला पोहोचतो. मोबाइलचा कीबोर्ड मोठे अक्षर आपणहून काढतो, अपॉस्ट्रॉफीही घालतो. लाल शाईला भिऊन मुलाने चार वाक्यांचा निबंध दोन वाक्यांत आवरला तर त्या शुद्धतेचे काय करायचे?

पण दुसरी बाजू याच गोदामांतून सुरू होते. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कायद्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. शिपमेंटनंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे यादीतले वेगळे काम, की ‘पाठवणी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ हे एकच काम? ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅक करत नव्हते. 2017 मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरला तडजोड झाली. वाडीच्या नाक्यावर चहा पीत बसलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला हे प्रकरण व्याकरण न शिकता समजेल.

आपल्याकडची नोंदही आहे. ‘मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम 27 तपासले. ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एग्झिबिट्स फॉर सेल’ या ओळीत ‘स्टॉक्स’नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून ‘फॉर सेल’ त्यालाही लागू होते. नुसता साठा सापडून भागत नाही, तो विक्रीसाठी होता हे दाखवावे लागते. गंमत अशी की याच न्यायालयाने 1952 मध्ये, अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे ही गौण बाब असल्याचे म्हटले होते. न्यायमूर्तींचेही दोन्हीकडे पाय आहेत, तर आठवीच्या बाईंना एकच उत्तर कुठून सापडावे.

आकड्यांतला स्वल्पविराम तर थेट पैशांशी बोलतो. आपण दीड लाख 1,50,000 असे लिहितो, अमेरिकन माणूस 150,000 असे. पोलंडमध्ये स्वल्पविराम दशांशाचे काम करतो. तिथे 1,500 म्हणजे दीड. माल बाहेर पाठवणाऱ्याने बिलावर कोणासाठी लिहितो आहोत हे पाहावे, यापलीकडे इथे वाद नाही.

कडक वागण्याचे याहून मोठे कारण आहे आणि ते सहसा बोलले जात नाही. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याच्या ईमेलमधली चूक टायपिंगची मानली जाते. ज्याच्या घरी नाही त्याची चूक शिक्षणाची. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपन्यांत नोकरीला गेलेला वाडीचा मुलगा इंग्रजीत लिहितो ते अनेकदा इंग्रजांना नाहीच. तिथे केंद्र असलेल्या इन्फोसिसचे पोलंडच्या वुच शहरातही मोठे केंद्र आहे, 2007 मध्ये फिलिप्सकडून घेतलेले. दोन्ही टोकांना आपापल्या भाषेचा स्वल्पविराम घेऊन आलेली माणसे, त्यांचे एकमेकांशी उत्तम जमेलही. पण मुलाखतीआधी अर्ज चाळणारा माणूस या कौतुकात पडत नाही. सौम्य शाळेची किंमत त्या मुलाला पुढे, एकट्याने आणि कारण न कळता मोजावी लागते. ‘खेड्यापाड्यांतल्या मुलांना कशाला हे ओझे’ ही करुणा मला म्हणूनच संशयास्पद वाटते. ती करणाऱ्यांची स्वतःची मुले हे ओझे पाचवीतच उचलून मोकळी झालेली असतात.

दोन्ही पारडी जवळपास तोलाची आहेत, तरी मी शिकवण्याच्या बाजूला झुकतो आणि शिक्षेच्या बाजूपासून दूर राहतो. या दोन गोष्टी आपण उगाच एक मानतो. वाक्याच्या शेवटचे टिंब आणि सुरुवातीचे मोठे अक्षर यांवर पाचवीपासून हट्ट धरावा, कारण त्यांच्याविना इंग्रजी वाक्य कुठे संपले ते दिसत नाही. तिथे क्रियापद वर्दी द्यायला शेवटी उभे नसते. अर्धविराम दहावीपर्यंत विसरला तरी चालेल. मराठीत तरी तो किती जण वापरतात? खरी मेहनत स्वल्पविरामावर घ्यावी, आणि मराठी वाक्य शेजारी ठेवून घ्यावी. इंग्रजी पुस्तकांत सांगतात तो आजीचा विनोद घ्या. ‘लेट्स ईट, ग्रँडमा’मधला स्वल्पविराम काढला की आजीच ताटात येते. हा विनोद वर्गात सांगितला की मुले हसतात, पण पुढच्या वहीत फरक पडत नाही, कारण मराठीत हा घोटाळा होऊच शकत नाही. ‘आजी, जेवूया’ आणि ‘आजीला खाऊया’ यांत ‘ला’ सगळे सांभाळतो. पोलिशमध्येही आजीला हाक मारताना एक रूप आणि तिला कर्म करताना दुसरे. विभक्तीचे प्रत्यय जे काम आपल्याकडे करतात ते इंग्रजीत शब्दांचा क्रम आणि हा टिचभर स्वल्पविराम करतो, हे एकदा फळ्यावर दिसले की मुलाला चिन्हाची गरज पटते. नियम पाठ करून ती पटत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला पुरता परतवता येत नाही. वाडीतल्या वर्गात हिंदी घरातली मुलेही बसतात, बिहारची, छत्तीसगडची, उत्तर प्रदेशातली. ‘उसने कहा कि’ यानंतर त्यांच्याकडे स्वल्पविराम असतोच असे नाही. म्हणजे दॅटच्या जागी ती कदाचित आधीच बरोबर आहेत आणि त्यांची अडचण दुसरीकडे आहे. मराठीवरून इंग्रजीकडे नेणारा तास त्यांना दोनदा परका होईल. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या घरच्या भाषेतून व्याकरण सांगणे कोणत्याच बाईंना जमणार नाही. चुकांची कारणे दोन-तीन गटांत वाटून, महिन्यातून एक तास मराठीचे, हिंदीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसले तर थोडे जमेल. शिक्षकांच्या खोलीत तिघांच्या खुर्च्या शेजारीच असतात; वेळापत्रक त्यांना एकत्र येऊ देत नाही.

परीक्षेपाशी मात्र काही करता येण्याजोगे आहे. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत विरामचिन्हे घालायचा दोन गुणांचा छोटा प्रश्न असतो. चिन्हे काढून टाकलेले एक संवादाचे वाक्य, त्यात अवतरणचिन्हे, एक प्रश्नचिन्ह, दोन मोठी अक्षरे. ट्यूशनमध्ये याचा साचा एका संध्याकाळी पाठ होतो. ज्या मुलाने तिथे पूर्ण दोन गुण मिळवले, तेच मूल पुढच्या पानावर पत्र लिहिताना दॅटनंतर थांबते आणि क्रियापदाआधी भिंत घालते. हे दोन गुण त्या पत्रालाच द्यावेत. परीक्षकाने मुलाच्या स्वतःच्या वाक्यांत चिन्हांनी अर्थ सांभाळला की नाही एवढे बघावे आणि बाकीच्या प्रश्नांत त्यासाठी गुण कापू नयेत. गुण तेवढेच राहतील, फक्त एका संध्याकाळच्या पाठांतरावर मिळणार नाहीत.