जुलाब लागले की पाणी बंद करू नका



पावसाळा लागला की शाळेत मुलांची गैरहजेरी वाढते. कारण विचारावे तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘पोट बिघडलंय.’ अशा वेळी आपल्या अनेक घरांत दादी-नानी सांगतात, ‘पाणी देऊ नका, दूध बंद करा, पोटाला आराम द्या.’ त्यांची माया खरी आहे, पण हा सल्ला धोक्याचा आहे. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जे बाहेर गेले, ते तोंडावाटे परत देणे हाच पहिला इलाज.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. हजारोंचे प्राण वाचले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागे पाणी आत जाते, एवढेच त्यातले मर्म.

घरात ओआरएसची पाकिटे ठेवावीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवावे. लहान पाकीट २०० मिलिलीटरचे, मोठे एक लिटरचे असते. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, छोटा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून द्यावे. तयार पाणी २४ तासांनंतर वापरू नये.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. खिचडी, दहीभात, केळे द्यावे. सरबत, कोल्ड्रिंक नको. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना मनाने देऊ नये. झिंकच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, सहा तास लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, शौचात रक्त दिसले किंवा काहीच पोटात टिकेना, तर घरी थांबू नये. दवाखान्यात जातानाही वाटेत ओआरएस पाजत राहावे. सहा महिन्यांखालील बाळाला तर लगेच दाखवावे.

दम केलेले पाणी जरूर द्यावे, दुआही करावी. पण प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, म्हणून उपचार करा, अशी शिकवण आपल्या प्यारे नबी (स.) यांनीच दिली आहे. दुआ आणि दवा यांत भांडण नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या: ओआरएसची चार पाकिटे आणून स्वयंपाकघरात हाताशी ठेवू या, आणि शेजारच्या नव्या सूनबाईलाही हे सांगू या. अल्लाह आपल्या लेकरांना सुखरूप ठेवो. आमीन.