नगररचनाकाराची परीक्षा वीस वर्षांनी घ्या

परवडणाऱ्या घरांसाठी काम करणाऱ्या नगररचनाकाराने आयुष्यभर काय केले, हे ठरवताना आपण वाटलेल्या किल्ल्या मोजतो. मंत्र्याला सोडतीच्या दिवशी आकडा हवा असतो आणि अधिकाऱ्याला बदलीआधी. पण या माणसाचे मूळ काम म्हणजे जमिनीवरची आखणी: रस्ता किती रुंद, मलवाहिनी कुठून, प्लॉट केवढा, मोकळी जागा कोणाच्या वाट्याला. ती जमली की फसली, हे कळायला दोन दशके तरी लागतात.

कांदिवलीचे चारकोप पाहा. जागतिक बँकेच्या कर्जावर 1985 मध्ये सुरू झालेल्या योजनेत म्हाडाने तिथे आणि गोराईत तयार सदनिकांऐवजी छोटे प्लॉट दिले. रस्ते, पाणी, सांडपाण्याची सोय सरकारची. भिंती आणि छप्पर ज्याचे त्याने पाहायचे. मोठे प्लॉट आणि दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून छोट्यांची किंमत आटोक्यात ठेवली. मधल्या चौकाभोवती बैठी घरे उभी राहिली आणि ऐपतीप्रमाणे त्यांवर मजले चढले. सुरुवातीला बरेच प्लॉट रिकामे दिसत, म्हणून असे प्रयोग फसले असा शेरा बसला आणि बँकेनेही पुढे त्यांतून अंग काढून घेतले. मुंबई-चेन्नईतल्या या वसाहतींची वीस वर्षांनी पुन्हा पाहणी करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्या चांगल्या नांदत्या, मिश्र वस्तीच्या निघाल्या. तोवर आखणी करणारे बहुतेक निवृत्त झाले असणार.

दरम्यान 1995 पासून मुंबईने मोफत घरांची वाट धरली. 40 लाख झोपडीवासीयांना घरे देण्याचे ते आश्वासन आजही पुरे झालेले नाही. नगररचनाकार मात्र या घरांच्या बदल्यात बिल्डरला किती एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत बांधकामाची मुभा) द्यायचा याचा हिशेबनीस झाला. गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत नियम शिथिल करून इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध तिथल्या पाहणीत 2018 मध्येच दिसला. किल्ल्यांच्या हिशेबात या वसाहती उत्तीर्णच. सिडकोत नवी मुंबईच्या आखणीची जबाबदारी सांभाळलेले शिरीष पटेल नुसत्या एफएसआयकडे पाहू नका, दर माणशी मोकळी जागा किती उरते ते पाहा, असे 2024 मधील निधनापर्यंत बजावत राहिले.

मुंबईत जमीनच कुठे आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. धारावीत चारकोप होणार नाही. पण पनवेलपासून वसई-विरारपर्यंत शहर अजून पसरते आहे आणि तिथे आखणीआधीच चाळी उठताहेत. गरीब माणूस प्लॉट विकून निघून जातो, हा दुसरा आक्षेप. जातो, पण झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली मोफत घरेही विकली जातात, मनाई असताना. सर्वांत जड आक्षेप जमिनीच्या मूळ मालकाचा आहे. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात माणसे मेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. स्वस्त प्लॉटचा भार शेतकऱ्याने का सोसावा, याला उत्तर एकच: त्याचा वाटा पहिल्याच आराखड्यात दाखवा.

विकास आराखडा कायद्याने दर वीस वर्षांनी सुधारायचा असतो. त्या वेळी मागच्या आराखड्यातल्या वसाहतींत जाऊन उजेड, पाणी, लिफ्टची अवस्था आणि मूळची किती कुटुंबे टिकली हे तपासावे, आणि आखणी करणाऱ्यांच्या नावांसह तो अहवाल महापालिकेच्या सभेपुढे ठेवावा.